विंडो इथंच उघडते

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी साडेअकराला ऑफिसचा फोन वाजला. रुचिता ड्रॉइंगमध्ये गुंतली होती म्हणून मी उचलला, आणि तिथून पुढं माझं सगळंच बदललं.

"नमस्कार, मी मंगळूरहून अंतरा सबनीस बोलतेय. तुमच्या मशीनवर लॉगिन होतंय, पण प्रोग्रामची विंडोच उघडत नाही."

तीन वर्षं झाली होती हा आवाज ऐकून. म्हटलं, "सम्मेद बोलतोय."

"कोण सम्मेद?"

"पाटील. गडमुडशिंगीचा."

"अगं बाई! तू तिथं आहेस होय!"

ते 'होय' अजून कानात आहे. नुसती ओळख पटली म्हणून कुणी असं म्हणत नाही.

डायरी लिहायची सवय नाही, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. उन्मेष सरांचं हे ऑफिस शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. साच्यात वितळलेलं लोखंड कसं भरेल, थंड होताना आत पोकळी कुठं राहील, हे आम्ही शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना आधीच सांगतो. ते दाखवणारा प्रोग्राम एकाच मशीनवर चालतो, त्याचं लायसन त्या मशीनला बांधलेलं आहे. अंतरा तिकडं एम.टेक. करते. तिच्या गाईड सरांनी आमच्या सरांशी बोलून ठरवलंय की संध्याकाळी पाचनंतर, आमची कामं आटोपली की, तिनं तिथून एसएसएचनं, म्हणजे नेटवरून, या मशीनला जोडून घ्यायचं. प्रोग्राम पळणार शाहूपुरीत, विंडो दिसणार तिच्या लॅपटॉपवर. आणि तेच होत नाही. 'कॅन्ट ओपन डिस्प्ले' एवढंच येतं.

सर म्हणाले, "बघ रे तू. त्या मशीनची नाडी तुलाच कळते."

कॉलेज मी तिच्यासाठीच सोडलं. तिसऱ्या वर्षाला एचओडी भर वर्गात म्हणाले, "सबनीसची प्रॅक्टिकलची फाईल कुणी लिहून दिली ते ठाऊक आहे आम्हाला." माझं डोकं फिरलं. माझी फाईल त्यांच्या टेबलावर आपटली, स्टूल लाथेनं उडवलं आणि म्हटलं, "माफी मागा तिची." माफीपत्र त्यांनी माझ्याकडंच मागितलं. दिलं नाही. परत गेलोही नाही. घरी आप्पांनी त्या दिवशी उसाचं कांडं मोडेपर्यंत मारलं.

तिला हे कळलं असणारच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर त्या मशीनच्या मागं. दोन चुका सापडल्या. एक म्हणजे विंडो बाहेर पाठवायची परवानगीच मशीनवर बंद होती. ती चालू केली. दुसरी, पलीकडच्या स्क्रीनला ओळख पटवून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो घातलेलाच नव्हता. तो घातला. मग दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून बघितलं. मोठ्या स्क्रीनवर एकदा प्रोग्राम धड उघडतो का ते बघायला लॉगिनच्या फाईलमध्ये एक ओळ टाकली. उघडला. सर खूश.

पाच वाजता तिचा फोन. "एरर गेली रे! पण विंडो काही येत नाही. नुसतं थांबलंय."

मी मान वर केली तर विंडो माझ्या समोर. आमच्या ऑफिसच्या स्क्रीनवर. करड्या रंगाचा रिकामा साचा, तिच्या प्रोजेक्टमधल्या पंपाच्या बॉडीचा.

"अंतरा, तुझी विंडो इथं उघडलीय."

"कुठं?"

"इथं. शाहूपुरीत. माझ्या पुढ्यात."

एवढी हसली ती. मग म्हणाली, "आता तूच क्लिक कर ना. मी सांगते तसं. आजच्या दिवस."

पावणेआठपर्यंत तिनं सांगितलं आणि मी केलं. ती म्हणायची, "तो वरचा रायझर मोठा कर." रायझर म्हणजे साच्याच्या डोक्यावर उभं केलेलं जादा लोखंड. आतलं आकसायला लागलं की ते खाली उतरून पोकळी भरतं. मी मोठा करायचो. ती विचारायची, "लाल कुठपर्यंत आलं?" लाल म्हणजे वितळलेलं लोखंड. मी सांगायचो. तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तिला सगळं कळत होतं आणि हात माझे होते.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळून तास होऊन गेला होता. आम्ही जैन, आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, चूल विझलेली. पाणीसुद्धा नाही मागितलं. भूकच नव्हती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सापडलं. माझीच चूक. परवा तपासायला टाकलेली ती ओळ काढायची राहून गेली. ती ओळ सांगते की जो कुणी आत येईल त्याची प्रत्येक विंडो समोरच्या स्क्रीनवर उघड. अंतरा आत येते, मशीन ती ओळ वाचतं आणि तिचं सगळं इथं मांडून ठेवतं. आम्ही इथं बसून काम करतो तेव्हा फरकच पडत नाही, म्हणून सरांच्या लक्षात यायचं कारण नाही.

ओळ पुसायला एक सेकंद लागतो. कर्सर तिच्यावर नेला.

मग पाच वाजले आणि फोन आला. "आज तरी जमेल का रे? सॉरी हं, तुला रोज थांबावं लागतंय."

म्हटलं, "बघतोय अजून. तोवर सांग, काय करायचंय."

दोन दिवसांनी काढीन. तिचं काम काही अडलेलं नाही, चाललंच आहे की. उलट दोघं मिळून नीट होतंय.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज तिनं विचारलं, "जेवलास का?" मी सांगितलं, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, आता घरी जाऊन उपास. ती म्हणाली, "शी, माझ्यामुळं. मला फार वाईट वाटतं रे."

कुणाला कुणाबद्दल उगाच वाईट वाटतं का?

तेवढ्यात दिसलं, रुचिता डबा टेबलावर विसरून गेलीय. हुपरीची पोरगी, साडेपाचच्या गाडीची गडबड असते तिला. उघडून बघितलं तर धपाटी आणि दही, हात न लावलेलं. सूर्य होता तोवर खाल्लं. विसराळू आहे, पण हाताला चव आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

रुचिता आज त्या मशीनवर बसली होती. अचानक म्हणाली, "ही ओळ कुणी टाकलीया?"

"मी."

"काढ की मग. त्या मंगळूरवालीला दिसंना झालंय ते हिच्यामुळंच न्हवं का?"

"बघतो."

"बघतो म्हंजे?"

"तुला काय करायचंय? तुझं तू बघ की! सरांनी मला सांगितलंय का तुला?"

"बरं बाबा. लई तापतोस." आणि आपल्या टेबलावर गेली. दिवसभर बोलली नाही. डबा मात्र आजही विसरली.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

ऑफिस बंद. सकाळी मंगळवार पेठेतून चक्कर मारली. तिच्या घरावरून दोनदा गेलो. तिचे बाबा दारात उभे राहून मूर्तीवरचा रुमाल काढत होते. आईच्या हातात भाकरतुकडा ओवाळायला. दोघांनाही तिच्यासारखं नाक आहे.

काल ती फोनवर म्हणाली होती, "पहिल्यांदाच गणपतीत घरी नाही मी. तिकीट काढलं होतं, रद्द केलं. काम इतकं मागं पडलंय ना." आवाज जरा भरला होता.

मला आतून बरंच वाटलं. आली असती तर चार दिवस फोन थांबला असता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून दशलक्षण पर्व. पहाटे आप्पांबरोबर बस्तीत पूजेला गेलो. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पंडितजी रागावर बोलत होते आणि आप्पा मला कोपरानं ढोसत होते, "ऐक, ऐक. तुझंच चाललंय."

आईचं दहा दिवस एकाशन, दिवसातून एकदाच जेवण. मला म्हणाली, "तू तरी दिवस असतोवर घरी ये, सम्मेदा. मी ताट धरून बसते, आन् ऊन जातं."

"काम हाय, आई."

आप्पा पेपरातून म्हणाले, "काम हाय का आनि काय हाय?"

आदळआपट करून बाहेर पडलो. बरोबर क्षमेच्या दिवशी. ऑफिसात रुचिताचा डबा आजही टेबलावर तसाच.

३० ऑगस्ट, शनिवार

आज तिनं सगळं सांगितलं. बुधवारी, तीन तारखेला, तिचा रिव्ह्यू आहे. तीन परीक्षक, आणि त्यांच्यासमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा. रायझर हलवला तर पोकळी कशी सरकते ते तिथल्या तिथं. चांगलं झालं तर सहा महिने जर्मनीतल्या लॅबमध्ये पाठवणार आहेत. दोघींत एकच जागा.

"फोटो चालणार नाहीत, सम्मेद. लाइव्ह पाहिजे. तोपर्यंत होईल ना? खरं सांग. नाही तर मी गाईड सरांना सांगते, ते दुसरं काही बघतील."

"होईल. मी आहे ना."

"नक्की?"

"नक्की."

मंगळवारी काढीन ओळ. बुधवारी सकाळी तिच्या लॅपटॉपवर विंडो उघडेल आणि तिला कळेल कोणी केलं ते. जर्मनी सहाच महिने तर आहे.

जाता जाता मी एचओडीचा विषय काढला. त्या दिवशी वर्गात काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल, म्हटलं.

"कुठल्या दिवशी? अच्छा, तू भांडलास तो दिवस? मी सांगलीला होते रे, मावशीकडच्या मंगळागौरीला. नंतर कुणीतरी म्हणालं, तू सरांशी भांडून गेलास. कशावरून भांडलास?"

म्हटलं, "जाऊ दे."

ती मुद्दामच विचारत असणार. माझ्या तोंडून ऐकायचं असेल.

२ सप्टेंबर, मंगळवार



ओळ काढणारच होतो. फाईल उघडून बसलो होतो. पाचला फोन आला, स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "सम्मेद, ऐक ना. आमच्या लॅबमधला विजयसिंह आहे, त्याला दाखवलं. तो म्हणतो मशीनमध्ये दोष नाही, लॉगिनच्या फाईलमध्ये कुणीतरी डिस्प्लेची ओळ टाकून ठेवली असणार. तेवढी बघतोस का?"

मागून त्याचाच आवाज. "त्याला म्हणावं, पाच मिनिटांचं काम आहे. पंधरा दिवस काय करत होता?"

आणि ती हसली. जरासंच. पण हसली.

मग माझ्या तोंडाला काय झालं मला माहीत नाही. म्हटलं, "मग त्यालाच बोलव की! एवढा शहाणा हाय तर तोच करंल. मी कशाला उपाशी बसतोय हितं?"

"अरे, तसं नाही..."

"ठेव."

मीच ठेवला. परत तीनदा वाजला. उचलला नाही. फाईल तशीच बंद केली.

आता डोकं शांत आहे. उद्याचा रिव्ह्यू अकराला. सकाळी तिनं एक फोन करायचा. 'सम्मेद, प्लीज' एवढंच म्हणायचं. मी लगेच काढतो.

३ सप्टेंबर, बुधवार

लिहायचं नव्हतं.

दहालाच ऑफिसला पोचलो. सर शिरोलीला गेले होते, मशीन आज सकाळीच तिच्यासाठी मोकळं ठेवायला सांगून. रुचिता आणि मी, दोघंच. फोन टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला. साडेदहा. पावणेअकरा. रुचिता म्हणाली, "आज तिचं हाय न्हवं? काढलीस ओळ?"

"ती फोन करेल."

"फोन कशाला पायजे?"

मी फोन जवळ ओढला.

अकरा वाजून गेले आणि स्क्रीनवर विंडो उघडली. करडा साचा. तोच पंप.

आम्ही दोघं बघत राहिलो. तिकडं तिच्या मागं पडद्यावर काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. काळी पाटी आणि लुकलुकणारा कर्सर. मिनिटभरानं पहिलीच्या अंगावर दुसरी विंडो उघडली. तिनं परत करून बघितलं होतं. मग तिसरी. तीन माणसं समोर बसलेली, आणि ती म्हणत असेल, एक मिनिट हं सर, एक मिनिट.

रुचिता ओरडली, "सम्मेद, काढ. आरं काढ की ती!"

काढली. बोटं चुकत होती, तरी काढली. आणि चौथी विंडो इथंच उघडली.

"आजून का हितंच येतंय?"

"ती आधीच आत आलीया. आत येताना जे वाचलं तेच धरून बसलंय मशीन. परत बाहेर जाऊन आत यायला पायजे तिनं."

"मग सांग तिला!"

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. हॉलमध्ये बंदच ठेवायला लावतात. पाचवी उघडली. सहावी. एकावर एक, प्रत्येक जरा खाली, जरा उजवीकडं सरकलेली. मध्येच बराच वेळ एकही आली नाही, मला वाटलं तिला कळलं, आणि मग पुन्हा आली. रुचिताचा हात तिच्याच तोंडावर होता.

मग सगळ्या विंडो एकदम गेल्या. तिनं टर्मिनल बंद केलं असणार. स्क्रीनवर सरांनी लावलेलं रंकाळ्याचं चित्र तेवढं राहिलं.

तेव्हा सुचलं. तिचं कनेक्शन मी इथूनच तोडू शकलो असतो. तिला तुटलेलं दिसलं असतं, तिनं सहज परत जोडलं असतं, आणि या खेपेला विंडो तिच्या पुढ्यात उघडली असती. दहा सेकंदांचं काम. मला येत होतं. पण सगळ्या विंडो गेल्यावर सुचलं.

रुचिता पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवून आत गेली.

४ सप्टेंबर, गुरुवार

सरांना तिच्या गाईडचा फोन आला होता. जागा दुसऱ्या मुलीला गेली. अंतराचं एम.टेक. चालू राहील, आपलं मशीनही वापरेल, पण जर्मनी नाही.

सर म्हणाले, "मला वाटलं चिडले असतील. पण ते म्हणाले, मुलीनंच सांगितलं, तिथला मुलगा प्रामाणिक आहे, रोज उपाशी थांबला, त्याची काही चूक नाही." माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी बाजू घेतली तिनं. काय झालं होतं रे मशीनला?"

म्हटलं, "बघतोय, सर."

तिनं माझी बाजू घेतली. एवढं होऊन. दिवसभर तेच डोक्यात फिरतंय. रडू येतंय आणि बरंही वाटतंय. मी ठेवला तरी तीनदा फोन केला होता तिनं. माझ्यावर रागावली असती तर असं कशाला म्हणाली असती?

मेसेज लिहिला आणि पुसला. पाच वेळा.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

विसर्जनाची सुट्टी. साऊंडचे हादरे मुडशिंगीपर्यंत येतायत. गेलो नाही.

आज आमचा पर्वाचा शेवटचा दिवस. बस्तीतून परत येताना रुचिताचा फोन. तिनं स्वतःहून केलेला पहिलाच.

"सम्मेद, एक सांगू का? तापू नगंस."

"बोल."

"सर मला विचारत हुते, मशीनचं काय झालं हुतं. मी म्हटलं ठाऊक न्हाय. आज हितं बस्तीत बसलेय तर मला बसवंना झालंय. मी तुझ्यासाठी खोटं बोलले. परत इचारलं तर बोलणार न्हाय."

"बोलू नकोस."

"तू बोल मग."

मग म्हणाली, "आनि धा दिवस माझा उपास असून डबा आणून कोण विसरतंय का रे, येड्या?" आणि फोन ठेवला.

आता ह्याचा अर्थ काय? ही पोरगी कुठलं कुठं नेते.

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावाणी. सकाळपासून माणसं दारात येत होती, हात जोडत होती. पाण्याच्या पाळीवरून ज्याच्याशी आप्पांचं वर्षभर वाजतंय, तो शेजारीही आला. दोघं उंबऱ्यात उभे राहून एकमेकांना "क्षमा असावी" म्हणाले आणि चहा पिऊन उद्याच्या पाळीवरून परत भांडले. आई हसत होती.

मग आप्पा माझ्याकडं आले. मी बूट घालत होतो. त्यांनी हात जोडले. मला वाटलं माझ्या मागं कुणी आहे.

"सम्मेदा, वरीसभर बोललो. मागं मारलं, तेबी मनात ऱ्हायलंय. तुझं काय चुकलं ते इचारलंबी न्हवतं, आधी मारलं. क्षमा कर बाबा."

बाप समोर हात जोडून उभा आणि माझ्या हातात बुटाची नाडी. "आप्पा, आसं काय..." एवढंच निघालं. माझं मागायचं राहूनच गेलं. बसला उशीर होतोय म्हणून पळालो.

ऑफिसात सर एकटेच होते. बसायच्या आधी सांगितलं. ओळ कधी टाकली, कधी सापडली, का काढली नाही. 'का' सांगताना थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "कळलं, पुढं बोल."

ऐकून झाल्यावर बराच वेळ पेनचं टोपण काढत घालत राहिले. "तू चुकला असतास ना, तर मी तिच्या गाईडशी भांडलो असतो तुझ्यासाठी. फौंड्रीवाल्यांशी भांडत नाही का? ही चूक नाही बाबा." मग म्हणाले, "रुचिताला सगळं समजावून दे. आणि जाताना ऑफिसची किल्ली तिच्याकडं दे."

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. त्यांनी चढवला नाही.

रुचिताला एकेक फाईल दाखवली. ती लिहून घेत होती, मान वर न करता. एकदाच म्हणाली, "तिला सांगितलंस?"

"आता सांगणार."

"मी खाली जाऊन येते."

अंतरानं दुसऱ्या रिंगला उचलला. "हां, सम्मेद."

वाटलं होतं आधी मागं-पुढं काही बोलेन. नाही जमलं. "अंतरा, ती ओळ मीच टाकली होती. आणि मला एकवीस तारखेपासून माहीत होतं."

मागं कुणीतरी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे मी रोज सॉरी म्हणत होते तेव्हा?"

"हो."

"मी तिकीट रद्द केलं तेव्हा?"

"हो."

"का?"

सांगितलं. तीन वर्षांचं, फाईलचं, स्टुलाचं, सगळं. माझं संपल्यावर म्हणाली, "मी सरांना काय सांगितलं माहितेय? म्हटलं, सर, त्याचं शिक्षण अर्धवट राहिलंय, बिचाऱ्याला येत नाही, पण मन लावून करतो. विजयसिंह म्हणत होता हा मुद्दाम करतोय. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, तू त्याला ओळखत नाहीस."

"अंतरा, क्षमा कर मला."

"आज तुमच्यात मागायची असते ना? आमच्या शेजारच्या काकू येतात दरवर्षी." आवाज सरळ होता, अगदी साधा. "म्हणून मागतोस का?"

म्हटलं, "नाही."

खरंच नाही का, ते मला अजून कळत नाही.

"मला आत्ता काही म्हणता येणार नाही, सम्मेद. ओळ काढलीस का?"

"काढली."

"मग मशीन चालू ठेव. मला लॉगिन करायचंय. डिसेंबरचं सबमिशन आहे."

"काही अडलं तर रुचिता..."

"बरं." आणि फोन बंद झाला.

मी मशीनसमोर बसलो. जरा वेळानं, मशीनमध्ये कोण आत आहे त्या यादीत तिचं नाव आलं. आत आली. त्याखाली प्रोग्राम सुरू झाल्याची ओळ आली. मशीनचा पंखा घोंघावायला लागला, म्हणजे लोखंड भरायला लागलं असणार. स्क्रीनवर काहीच उघडलं नाही. रंकाळा, कडेला दोन-चार फायली, बस. मी वाट बघितली. तिकडं लाल कुठपर्यंत आलं असेल, रायझर तिनं हलवला असेल का, मला काही दिसत नव्हतं. म्हणजे सगळं नीट चाललं होतं.

रुचिता वर आली. तिच्या हातात किल्ली दिली. तिनं "क्षमा" म्हणून हात जोडले, मीही जोडले. आज दिवसभरात तेवढंच धड जमलं.

पंख्याचा आवाज अजून येत होता. मी बाहेर आलो आणि मागं दार ओढून घेतलं.